पुरवठा क्रमांक सात

चतुराबाई तायडे या बाईला कागदावर वीज करणारा माणूस मीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण अमरावतीत ही गोष्ट सांगणारे निदान चारजण आहेत आणि चौघेही स्वतःला त्यातून अलगद बाहेर काढून सांगतात. मी अकोल्याचा आहे. आम्हाला ती कला येत नाही.

१९६० साली सरकारच्या मनात आलं की जिल्ह्यातली माणसं, बैल, विहिरी आणि पेरा यांची एकदा नीट मोजणी व्हावी. एकेका घराचं एकेक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर पाडलेली भोकं. विहीर असेल तर अमुक ठिकाणी भोक, बैलजोडी असेल तर तमुक ठिकाणी. ही कार्डं मोजायला प्रत्येक जिल्ह्यात एक तक्ता कार्यालय निघालं. अकोल्यालाही निघालं होतं, पण मला अमरावती मिळाली. अमरावतीच्या लोकांना आपलं गाव फार मोठं वाटतं, त्यामुळे तिथं बाहेरच्या कारकुनाने गप्प बसावं अशी अपेक्षा असते.

कार्डं निवडायची दोन यंत्रं मालगाडीने बडनेऱ्याला उतरली आणि एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात येऊन बसली. तेच आमचं कार्यालय. एका बाजूने कार्डांची चळत घातली की यंत्राने भोकं पाहून विहीरवाले एकीकडे आणि बिनविहिरीचे दुसरीकडे टाकायचे. त्यासाठी वीज लागते, आणि दिवाळीनंतर गावातली चालू असलेली सगळी जिनिंग कापसातली सरकी काढायला लागली की वीज तिकडे जाते. आमचं यंत्र दोन मिनिटं कण्हायचं आणि कार्ड तोंडात धरून थांबायचं. संक्रांतीपर्यंत आम्ही एका तालुक्याचे बैल दोनदा मोजले आणि दोन्ही वेळचे आकडे वेगळे आले.

आमचे अधीक्षक केशवराव पुण्याहून आलेले, सज्जन आणि कागदावर गाढ विश्वास असलेले. त्या दिवसांत वर्तमानपत्रात रोज अणूचं कौतुक छापून येई. केशवरावांनी ते वाचलं आणि वर पत्र लिहिलं, की जिनिंगची वीज जिनिंगला राहू द्यावी, माहितीच्या कामाला अखंड वीज लागते, तरी या कार्यालयास अणुशक्तीची वीज मिळावी. पत्र मीच टाइप केलं. मला वाटलं, आता साहेबांची बदली ठरली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. मागणी रास्त असून विचाराधीन आहे. सोबत एक प्रश्नावली जोडली होती, आणि खाली एक ओळ होती: अणुवीज मिळेपर्यंत स्थानिक पातळीवर विजेची पर्यायी व्यवस्था करावी, सदर व्यवस्था अखंड व एकसारखी असावी.

आता चतुराबाई. जिनिंग बंद पडण्याआधी तिथे कवडी, म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस, हाताने निवडणाऱ्या बायका रोज सकाळी फाटकाशी येत आणि जिनिंग कधी सुरू होणार ते विचारून जात. एक दिवस मी हाताने कार्डं वेगळी करत, यंत्राच्या आईबापांचा उद्धार करत बसलो होतो. त्यांच्यातली एक सरळ आत आली, माझ्या हातातली चळत घेतली, खिडकीच्या उजेडापुढे धरली आणि ज्या कार्डाने भोकाचा उजेड अडवला होता ते चिमटीत धरून बाहेर ओढलं. मग दुसरं, मग तिसरं.

"हे कवडी निवडल्यावानीच हाय," ती म्हणाली. "काहून येवढं तोंड करून राहिले, बाबूजी?"

मी घड्याळ लावलं. तासाला दोन हजार कार्डं, चूक एकही नाही. यंत्र चालू असतं तेव्हाही त्याची शंभरात तीन चुकायची.

पण बायकांना घ्यायचं कसं? मजुरांची भरती बंद होती, तसं परिपत्रकच होतं. परवानगी होती ती फक्त विजेच्या पर्यायी व्यवस्थेला. केशवराव ते पत्र पुढ्यात घेऊन दोन दिवस बसले आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पत्रात वीज म्हटलंय. ती तारेतूनच यावी असं कुठे म्हटलंय?"

इथे मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण मला माझी हुशारी दाखवायची खुमखुमी. मी एक वही आखून दिली. वर लिहिलं, पुरवठा नोंदवही. रकाने पाच: पुरवठा क्रमांक, चालू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, बिघाड, शेरा. बावीस बायका, बावीस क्रमांक. चतुराबाईला सात मिळाला.

पहिल्याच संध्याकाळी ती माझ्या टेबलापाशी आली. "माह्यं नाव लिवलं का, बाबूजी?"

"लिहिलं."

"दाखवा."

तिला वाचता येत होतं, हे मला ठाऊक नव्हतं. छप्पन साली तिच्या वस्तीने बौद्ध धर्म घेतला, त्यानंतर तिथे मोठ्या माणसांसाठी शाळा सुरू झाली, आणि ही बाई वयाच्या तिसाव्या वर्षी चौथीची परीक्षा पास झाली होती. मी वही फिरवली. तिने बोट ठेवत ठेवत सातपर्यंत आणलं.

"हा तं आकडा हाय. नाव कोठी हाय?"

"नंतर येईल."

"नाव नसलं तं काम केलं हे कोन मानीन?" ती म्हणाली. मी शाईची दौत बंद करण्यात गुंतलो.

ते नंतर तीन वर्षं आलं नाही. वही मात्र फार छान चालली. मला खोटं सांगायचं नाही, मला ती लिहायला मजा येत असे. बारा क्रमांकाची माणिकबाई बाळंतपणाला गेली, तेव्हा मी लिहिलं: पुरवठा क्रमांक १२ दोन महिने दुरुस्तीस. परत आली तेव्हा: क्षमता पूर्ववत. चार आणि नऊ यांच्यात पाण्याच्या मडक्यावरून भांडण झालं, झिंज्या धरण्यापर्यंत गेलं, त्या दिवशी: क्र. ४ व ९ यांच्यात शॉर्ट सर्किट, अर्धा तास. विजेचे तपासनीस सहा महिन्यांनी एकदा येत. त्यांनी वही पाहिली, बायका पाहिल्या, चहा घेतला आणि शेरा दिला, सर्व पुरवठा थेट जमिनीवर बसलेला असून अर्थिंग उत्तम आहे. त्यांचीही नोकरीच होती.

अणुविजेची तयारी वेगळी चालली होती. कोपऱ्यातली एक खोली रिकामी केली, तिच्या भिंतीवर पिवळा रंग दिलेला स्विच बसवला. त्याला तार नव्हती. साधी वीज त्यात मिसळू नये म्हणून खोलीला कुलूप होतं, आणि किल्ली केशवरावांच्या जानव्याला.

शिवाय ती प्रश्नावली. अणूची वीज करायला पाणी लागतं, म्हणून पहिलाच प्रश्न होता: परिसरात खारे पाणी मुबलक उपलब्ध आहे काय? तो समुद्रकाठच्या लोकांसाठी असावा हे एखाद्या पोराच्याही लक्षात आलं असतं. पण आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं. भातकुलीपासून दर्यापूरपर्यंत विहीर खणा, खारंच पाणी लागतं, जमिनीत मीठ आहे. आम्हाला प्रश्नात काही विचित्र वाटलंच नाही. मी भातकुलीच्या नत्थुजींकडे गेलो. त्यांच्या विहिरीचं पाणी बैलही हुंगून तोंड फिरवत.

"किती वर्षं पुरेल, असं विचारलंय," मी म्हणालो.

"माह्या आज्याच्या आंदीपासून हाय. सरतच नाई," नत्थुजी म्हणाले. "सरकारले सांगा, सारं घेऊन जा. विहीर बी घेऊन जा."

तसं भरलं. समुद्रापासूनचे अंतर, या रकान्यात काय लिहावं ते केशवरावांना सुचलं नाही, त्यांनी तो कोरा ठेवला. वर कोऱ्याचा अर्थ शून्य असा घेतला गेला.

१९६४ च्या फेब्रुवारीत अकोल्याच्या तक्ता कार्यालयाची जाहिरात आली. कार्ड-तपासनीस, फक्त स्त्रिया, कायम जागा. चौथी पास, वय पस्तिशीच्या आत, सरकारी कार्यालयातला तीन वर्षांचा अनुभव, दाखला जोडणे. अर्ज मार्चअखेर. चतुराबाई ती जाहिरात घडी घालून घेऊन आली. जूनमध्ये तिला पस्तीस पुरी होत होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

"तीन साल भरले," ती म्हणाली. "दाखला द्या."

मी केशवरावांकडे गेलो. ते खरोखर कळवळले. दोन वेळा चष्मा पुसला. "अहो, पण विजेला अनुभवाचा दाखला कसा देता येईल?" ते म्हणाले. "आणि ती बाई आहे असं लिहिलंत, तर तीन वर्षांची वही खोटी ठरते. वही कोणाच्या अक्षरात आहे?"

वही माझ्या अक्षरात होती. मी परत आलो आणि चतुराबाईला सांगितलं की विचार चालू आहे. सरकारी माणसाच्या तोंडी हे शब्द इतके आपोआप येतात की आपण भित्रे आहोत हे कळायला उशीर लागतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वरून समिती आली. तिघेजण होते, पांढरे बूट घातलेले. आधी भातकुलीला जायचं ठरलं. जीप नत्थुजींच्या शेतात थांबली, अध्यक्ष उतरले आणि डोळ्यांवर हात धरून बराच वेळ क्षितिजाकडे पाहत राहिले. चहूकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळलेल्या काड्या होत्या.

"समुद्र?" त्यांनी विचारलं.

"पाणी इकडे आहे, साहेब," केशवराव म्हणाले आणि त्यांना विहिरीपाशी घेऊन गेले.

नत्थुजींनी बादली काढली. अध्यक्षांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकले, आणि लिहिलं: खारे. दुसऱ्या सदस्याला लाटा दिसत नव्हत्या. तिसऱ्याने त्याला प्रश्नावली दाखवली; तीत लाटांबद्दल काही विचारलेलं नव्हतं. विषय मिटला. नत्थुजी जीपमागे चालत चालत विचारत होते, "मंग कवा नेता पानी? सोमवारी नेता का?"

तिथून कार्यालयात. अध्यक्षांनी नोंदवही उघडली आणि उभ्याउभ्याच वाचू लागले. तीन वर्षं, ऐन कापसाच्या हंगामातसुद्धा, पुरवठा एक दिवस खंडित नाही. ते हरखले. "असा पुरवठा आम्हीसुद्धा पाहिलेला नाही," ते म्हणाले. "हा येतो कुठून?"

त्यांच्यापुढे बावीस बायका उजेडाकडे चळती धरून बसल्या होत्या. अध्यक्षांनी त्यांना वळसा घातला, भिंतीपाशी वाकून तार शोधली, यंत्रांच्या मागे पाहिलं. मग चतुराबाई उठली. पदर सारखा केला आणि त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"साहेब, मले कामाचा दाखला पायजे. मी येथी तीन साल काम करून राहिली."

अध्यक्षांनी केशवरावांकडे पाहिलं. केशवरावांचा चेहरा भिजल्या कागदासारखा झाला होता. "हा क्रमांक सात आहे, साहेब," ते हळूच म्हणाले.

अध्यक्ष भला माणूस असावा. त्यांनी वही चाळली, साताचं पान काढलं आणि आपुलकीने विचारलं, "याला काय झालं? इथे तर बिघाडाची एकही नोंद नाही."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. चतुराबाई जागेवर जाऊन बसली आणि तिने पुढची चळत उचलली.

आठ दिवसांत आदेश आला. भातकुली येथे अणुवीज केंद्र तत्त्वतः मान्य. प्रत्यक्ष वीज कधी येणार याचा उल्लेख नव्हता, पण मान्यता मिळाली असल्याने पर्यायी पुरवठ्याची गरज उरलेली नाही, तरी तो ३१ मार्चपासून तोडण्यात यावा. केशवरावांनी आनंदाने पिवळ्या खोलीचं कुलूप उघडलं आणि स्विच फडक्याने पुसला.

मी गोदामात जाऊन बायकांना वाचून दाखवलं. कोणी रडलं नाही. जिनिंग बंद पडलं तेव्हाच त्यांचं रडून झालं होतं. साडेपाचला सगळ्या गेल्या, चतुराबाई थांबली. मी बंद झाल्याची वेळ लिहीत होतो.

"लिवा," ती म्हणाली. "सात नंबर बंद झाला. बाबूजी, तुमी मले रोज सकाळी चालू केलं अन् संध्याकाळी बंद केलं. मी काई बोलली नाई, मले काम पायजे होतं. माह्या आयुष्यात मले लोकायनं लय नावं ठेवली. वस्तीतल्या शाळेत गेली तवा पयल्यांदा मीनं माह्यं नाव माह्या हातानं लिवलं. ते तुमी तीन साल लिवलं नाई. तुमाले काय भेव हाय ते मले समजते. पन तुमाले नोकरी गेल्याचं भेव हाय, अन् मले तं लागलीच नाई अजून."

मला लाज वाटली. दुसरा काही शब्द नाही त्याला. इतकी लाज वाटली की मी तिला बसा म्हणायचंही विसरलो. मी कार्यालयाचा कागद काढला आणि लिहिलं: श्रीमती चतुराबाई मोतीराम तायडे यांनी या कार्यालयात अमुक तारखेपासून आजपर्यंत कार्ड निवडण्याचे काम केले, एकही चूक आढळली नाही. खाली माझी सही, शिक्का. मग वही उघडली आणि पहिल्या पानावर सातापुढे लाल शाईने तिचं पूर्ण नाव लिहिलं. तिने कागद दोनदा वाचला, एके ठिकाणी काना राहिला होता तो दाखवला, मी तो दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एकवीस बायका उभ्या होत्या. मग काय, दुपारपर्यंत लिहीत बसलो. केशवराव पिवळ्या खोलीत जाऊन आतून कडी लावून बसले, आपण काही पाहिलं नाही असं त्यांना नंतर सांगता यावं म्हणून.

जूनच्या आत चतुराबाई अकोल्याला लागली. आणि जुलैमध्ये मला दोषारोपपत्र मिळालं. आरोप तीन. एक, शासकीय विजेस अनुभवाचे दाखले दिले, एकूण बावीस. दोन, वरिष्ठांच्या परवानगीविना विजेस नावे दिली. तीन, सदर कृत्यामुळे आजवरचा पुरवठा संशयास्पद ठरून अणुवीज केंद्राची फाईल परत गेली. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. बावीस बायकांना तीन वर्षं वीज म्हणून लिहिलं, असा आरोप त्यात कुठेच नव्हता. त्याला कलमच नसावं.

चौकशी विश्रामगृहात झाली. चौकशी अधिकारी नागपूरचे, शांत, पोटाचा त्रास असलेले. त्यांनी मला समजावून सांगितलं की वही हा शासकीय अभिलेख आहे आणि वहीत वीज आहे. वहीत नसलेली गोष्ट मी दाखल्यात लिहिली, तेव्हा ती सिद्ध करायची जबाबदारी माझी. सात क्रमांक हा मनुष्य आहे असं माझं म्हणणं असेल तर मी साक्षीदार आणावा.

मी चतुराबाईला अकोल्याला पत्र टाकलं. येईल अशी खात्री नव्हती. तिची नोकरी नवी, आणि चौकशीत तोंड दाखवलं तर तिचाच दाखला रद्द व्हायचा. मी तिच्या जागी असतो तर आलो नसतो. तीन वर्षं मी तिच्या बाजूला एकदाही उभा राहिलो नव्हतो.

ती सकाळच्या पॅसेंजरने आली. रजेचा अर्ज देऊन, रीतसर. खोलीत आली, नमस्कार केला आणि उभी राहिली.

"आपण वीज नाही, याला पुरावा काय?" अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांना तो प्रश्न विचारताना बरं वाटत नव्हतं, पण तो छापील कागदावर टंकलेला होता.

"पुरावा कायचा मांगता साहेब, मी उभी हाओ ना."

"तसं नव्हे. कागदावर काहीतरी हवं."

"द्या मंग कागद."

त्यांनी जबाबाचा कागद पुढे केला आणि साक्षीदाराची सही या छोट्या चौकोनावर बोट ठेवलं. तिने माझ्यापुढचा टाक घेतला आणि लिहू लागली. चतुराबाई. चौकोन तिथेच संपला. ती थांबली नाही. मोतीराम. मग तायडे, मग स्वल्पविराम, मग कार्ड-तपासनीस, तक्ता कार्यालय, अकोला. एकेक अक्षर ठळक, वेलांट्या नीट वळवून. सही शेजारच्या रकान्यात गेली, अधिकाऱ्यांच्या अभिप्रायासाठी राखलेल्या जागेत शिरली.

"बाई, रकान्यात लिहा," अधिकारी म्हणाले. "मावेल असं लहान लिहा."

"तीन साल मी एका आकड्यात मावली, साहेब," चतुराबाई म्हणाली. "आता नाई मावत."

तिने खाली तारीख घातली आणि टाक माझ्यापुढे ठेवला. अधिकाऱ्यांनी कागद स्वतःकडे ओढला, अभिप्राय कुठे लिहावा ते शोधलं, आणि जागा न मिळाल्याने तो तसाच फाईलला लावला.